गरम पाण्यातलं मोरचूद

संपृक्त द्रावण म्हणजे काय, हे मी चोवीस वर्षं शिकवतो आहे. साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात माझा विषय रसायनशास्त्र. ठरावीक तापमानाला, ठरावीक पाण्यात जेवढा पदार्थ विरघळू शकतो तेवढा विरघळला आणि त्यावर टाकलेला तसाच तळाला राहिला, की ते द्रावण संपृक्त झालं. व्याख्येत ‘ठरावीक तापमानाला’ हे शब्द नसले तर मी अर्धा गुण कापतो.

गेल्या वर्षी अकरावीची एक मुलगी पेपर घेऊन टेबलापाशी आली.

“सर, बाकी सगळं बरोबर आहे. तापमान लिहायचं राहिलं तर एवढं काय बिघडतं?”

“बिघडतं,” मी म्हणालो.

“पण काय?”

मला उत्तर माहीत होतं. मी तिला तो अर्धा गुण देऊन टाकला. ती खुशीत गेली. मी पुढचा तास घेतला नाही, स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. जे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते आता इथं लिहितो आहे.

आमचं गाव विट्याच्या पुढं, पूर्वेच्या दुष्काळी भागात. गावातली बरीच माणसं गलाईच्या धंद्यात, सोनंचांदी गाळायला देशभर पांगलेली. आमच्या घरात मात्र पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. थोरल्या भावानं, दादानं, मेंढरांच्या जोडीला दोन एकर डाळिंब लावलं. मी शिकलो. आम्हा दोघांच्या मधली बहीण, आक्का. लग्नानंतर सहाव्या वर्षी तिच्या नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली.

आबांनी तिला अकरा मेंढ्या काढून दिल्या. आमच्याकडं खूण म्हणून मेंढीच्या कानाला कात्र मारतात, आणि प्रत्येक घराचं कात्र वेगळं असतं. आबांनी या अकरा मेंढ्यांना घराचं कात्र मारलं नाही, नवं मारलं, आणि देवळाच्या कट्ट्यावर चारचौघांत सांगितलं, “ही खूण माझ्या लेकीची. हिला कुणी हात लावायचा न्हाई.” बाईच्या नावाची खूण मी तोवर ऐकली नव्हती. पुढं अकराच्या बेचाळीस झाल्या. दादाच्या घरात आक्का मान वर करून राहत होती ती त्या बेचाळीस मेंढरांच्या जिवावर. माहेरी आलेल्या बाईला दुसरं काय असतं?

पावसाळा संपला की मेंढरांच्या पोटात जंत होतात. दवाखान्यात पांढऱ्या औषधाची बाटली मिळायची, पण आबांचा तिच्यावर भरवसा नव्हता. ते दिवाळीच्या आसपास मोरचूद पाजायचे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, ते निळे खडे, डाळिंबावरच्या फवाऱ्यात घालतात तेच. मेंढीला ते सहज बाधतं. त्याचं औषध होणार की विष, हे फक्त मापावर. आणि आबांकडं तराजू नव्हता.

त्यांची रीत अशी. आदल्या संध्याकाळी मातीच्या मडक्यात मूठ-दोन मूठ खडे टाकायचे, वर आडाचं गार पाणी, आणि लिंबाच्या काठीनं ढवळायचं. सकाळी मडक्यात वाकून बघायचं. तळाला खडा शिल्लक दिसला पाहिजे. नाही दिसला तर आणखी टाकून पुन्हा ढवळायचं. “खडा दिसला की पाण्याचं प्वाट भरलं,” आबा म्हणायचे. “भरल्या पोटी ते जास्ती घेत न्हाई.” मग वरचं निळं पाणी एक करवंटी, त्यात एक कळशी साधं पाणी, आणि त्यातलं बांबूच्या नळकांड्यानं एकेका मेंढीच्या घशात.

कॉलेजात संपृक्त द्रावण शिकलो तेव्हा मला पहिल्यांदा आबांचं कसब कळलं. आडाचं पाणी दर दिवाळीला तितकंच गार. तळाला खडा आहे म्हणजे वरच्या पाण्यात मावेल तेवढं मोरचूद आहे, कणभर जास्त नाही, कणभर कमी नाही. तराजूचं काम तो खडा करत होता. वर्गात मी हे उदाहरण अभिमानानं सांगायचो. फळ्यावर विद्राव्यतेचा आलेख काढायचो, तापमानाबरोबर मोरचूदाची रेघ कशी वर चढते ते दाखवायचो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं ‘मला ठाऊक नव्हतं’ असं मला म्हणता येणार नाही.

सोळा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आबा गेले. त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सुट्टीत गावी आलो. सकाळी उठलो तर दादा आणि आक्का यांची जुंपलेली.

“आक्के, काल भिजत घालाय काय झालतं?” दादा विचारत होता. “आज मेंढरं धराय मी हाय. उद्यापासनं फवारणी हाय माझी.”

“घर सारवत व्हते. तुझी बायकू काय करत व्हती ती इचार की.”

“भांडू नका,” मी म्हणालो. “गरम पाणी घ्या. पाच मिनिटांत विरघळतंय. रातभर भिजवायचं कशाला?”

“बघ,” दादा आक्काला म्हणाला, “मास्तर घरात असल्याचा ह्यो फायदा.”

चुलीवर आंघोळीचं पाणी उकळतच होतं. मी ते मडक्यात ओतलं आणि ढवळलं. खडे बघता बघता गेले. पाणी गर्द निळं झालं.

आक्का मडक्यात वाकली. “खडा कुटं हाय?”

“विरघळला. म्हणून तर गरम घेतलं.”

“आबा म्हणायचं, खडा दिसाय पायजे.”

“मग टाक की आणखी.”

तिनं एक मूठ टाकली. ती गेली. आणखी एक टाकली, तीही गेली. तिसऱ्या मुठीतले थोडे खडे तळाला राहिले. “आता झालं समाधान?” मी म्हणालो. तिनं मडक्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

“कडकडीत हाय रं. निवू द्यायचं का?”

“अगं, कळशीतलं पाणी गारच हाय की. निवंल त्यात.”

“बीएस्सी झालाय त्यो, आक्के,” दादा हसत म्हणाला. मीही हसलो. आणि मी स्वतः त्या ऊन पाण्यातून करवंटी भरली.

गरम पाण्याचं पोट मोठं असतं. आडाच्या गार पाण्यात जेवढं मोरचूद मावतं त्याच्या दुपटीहून जास्त उकळत्या पाण्यात मावतं. खडा तेव्हाही तळाला दिसत होता, पण तो वेगळ्याच पोटाची साक्ष देत होता. करवंटी आबांचीच, कळशी आबांचीच, फक्त विष दुपटीहून जास्त. मडकं निवेपर्यंत थांबलो असतो तर जास्तीचं मोरचूद आपोआप खडे होऊन तळाला बसलं असतं आणि वर उरलं असतं ते आबांचंच पाणी. तासा-दोन तासांचा प्रश्न होता. आलेखावरची ती रेघ मी दर वर्षी माझ्या हातानं काढत होतो आणि माझ्या घरच्या मडक्यात ती मला दिसली नाही. खरं सांगायचं तर मी तिकडं बघितलंच नाही. घरच्यांसमोर हुशार दिसण्याच्या नादात होतो.

आक्काच्या मेंढरांना पूर्ण माप, कोकरांना अर्धं; दादाच्या कळपाला आदल्याच आठवड्यात पाजून झालं होतं. नंतर आक्का नेहमीसारखी मेंढरं घेऊन माळाला गेली. दिवस मावळायच्या आत परतली तेव्हा मेंढरं माना खाली घालून उभी होती. तोंडातून लाळ, आणि दात खाण्याचा आवाज. बेचाळीस मेंढरं एकदम दात खातात तो आवाज कसा असतो हे मला शब्दांत सांगता येत नाही. सकाळी पाच कोकरं मेलेली होती. शेपट्या हिरव्यानिळ्या पातळ शेणानं भरलेल्या.

मी कोणाशी न बोलता छपरात मडक्याकडं गेलो. आत बोटभर जाडीचे निळे खडे चिकटले होते, काठालासुद्धा. लिंबाच्या काठीवर ते पाडव्याच्या साखरगाठीसारखे लगडले होते. वर्गात हेच करून दाखवायला मला आठवडा आधी तयारी करावी लागते. एका नजरेत सगळं कळलं. मी ते मडकं उचललं, डाळिंबाच्या फवाऱ्याच्या पिंपात पालथं केलं, खडे काठीनं खरवडून काढले, मडकं धुतलं आणि उन्हात उपडं ठेवलं. हे सगळं शांतपणे केलं.

दुपारी गुरांचे डॉक्टर आले. मेंढरं बघून त्यांनी विचारलं, “किरळ खाल्ली का?” ज्वारी कापल्यावर बुडख्याला जे कोवळे फुटवे येतात ती किरळ. ती विषारी असते, जनावराला लागते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“माळाच्या खालच्या रानात हाय फुटवा,” दादा म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली. “किरळ असती तर कालच जागेवर पडली असती. आणि ह्या शेणाचा रंग बघा. काय पाजलंय?”

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तकी मराठीत बोललो, गावात असा मी बोलत नाही.

“नेहमीचंच मोरचूद. वडील पाजायचे त्याच मापानं.”

“मापात काही फरक?”

“नाही. एक करवंटी, एक कळशी. तळाला खडा बघूनच घेतलं.”

एकेक शब्द खरा होता. तापमान तेवढं मी सांगितलं नाही.

“मग किरळच असेल. थोडी खाल्ली असेल,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. त्यांनी किरळीवरची इंजेक्शनं दिली आणि गेले. त्यांना दोष नाही. शिकलेल्या माणसानं सांगितलं ते त्यांनी धरलं.

इथवर जे झालं ते चूक आणि भित्रेपणा म्हणून खपवता येईल. पुढचं खपत नाही. डॉक्टरांची गाडी वळणापलीकडं गेली, आणि दादासमोर, वहिनीसमोर, मी आक्काला विचारलं:

“आक्का, काल दुपारी तुझा डोळा लागला व्हता का गं?”

ती माझ्याकडं बघत राहिली. “न्हाई.”

“जरासा? आदल्या दिवशी घर सारवलं व्हतंस. दमली असशील.”

“बसले व्हते लिंबाखाली…”

“लागला का डोळा, ते सांग,” दादा ओरडला.

“लागला आसंल,” ती म्हणाली. मग हळूच पुन्हा म्हणाली, “लागला आसंल रं.”

तीन दिवसांत एकोणीस गेली. कोकरं एकही राहिलं नाही. कोकरं मेलेल्या मेंढ्या कास तटतटून ओरडत फिरायच्या. आक्का एकेकीला धरून दूध जमिनीवर पिळायची. त्या दुधाला कोणी भांडं लावलं नाही. मेलेली ओढ्याकाठी पुरली. खड्डा मी आणि दादानं खणला. आक्का काठावर उभी राहून एकच बोलत होती, “मी कशाला बसले, मी कशाला बसले.” मी खणत राहिलो.

उरलेली तेवीस मेंढरं दादानं आपल्या कळपात घेतली. “आता मी बघतो,” एवढंच तो म्हणाला. पुढच्या वर्षी जी कोकरं झाली त्यांच्या कानाला घराचं कात्र पडलं. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. गावात आक्काला ‘किरळवाली’ नाव पडलं. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, “किरळवाली आली, शेरडं सांभाळा गं.” वर्षभरात ती तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला गेली. तिथंच एका खोलीत राहते. दर भाऊबीजेला मी साडी घेऊन जायचो. दर भाऊबीजेला ती ओवाळताना कुठून तरी तो विषय काढायची. “आबांनी दिल्यालं मी निजून घालवलं.” मी म्हणायचो, “जाऊ दे आक्का, झालं ते झालं.” तिला क्षमा केल्यासारखं म्हणायचो. ती पण कृतज्ञतेनं बघायची.

त्या मुलीला अर्धा गुण दिला, आणि शनिवारी मी तासगावची एसटी धरली.

शेडमध्ये बायका ओळीनं बसून बेदाणा निवडत होत्या, काळा एकीकडं, पिवळा एकीकडं. शेजारची बाई मला बघून म्हणाली, “आवं, तुमच्या भनीला सांगा जरा. जेवल्यावर आमी सगळ्या घटकाभर पडतो. ह्या भिताडावाणी बसून ऱ्हात्यात. पुलीस लागून गेल्यात जणू.” बाकीच्या हसल्या. आक्काही हसली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तिला बाहेर कडुलिंबाखाली नेलं आणि सगळं सांगितलं. गरम पाणी, खडे, पिंप, धुतलेलं मडकं, डॉक्टरांना काय बोललो ते. ती बोटांत राहिलेला एक बेदाणा चुरत होती.

“म्हंजे किरळ न्हवती,” ती शेवटी म्हणाली.

“नव्हती.”

“मी झोपले न्हवते.” तिचा आवाज चढला नाही. “त्या दुपारी मी एका कोकराच्या पायातला काटा काढत बसले व्हते. मला चांगलं म्हायती व्हतं मी झोपले न्हवते. पर तू इचारलंस. तू शिकल्याला. मला वाटलं, ह्यो इचारतोय म्हंजे लागलाच आसंल. दोन-चार महिनं गेलं, मग मला सपान बी तसंच पडाय लागलं. मी निजलीया आन् मेंढरं खाली चालल्यात.”

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

“दादाला सांगितलंस?”

“नाही.”

“चल मग.”

विट्यापर्यंत ती बाईमाणसांच्या सीटवर बसली, मी मागं. पुढच्या गाडीतही तसंच. दादा अंगणात होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. तो तंबाखू मळत राहिला.

“पंधरा वर्सांनी काय त्याचं,” तो म्हणाला. मग आक्काकडं वळून म्हणाला, “आन् तू बी तवा ठाम बोलाय पायजे व्हतं की.”

आक्का मला म्हणाली, “घरात सांगून काय व्हतंय? किरळवाली मला गावानं म्हणलं.”

देवळाच्या कट्ट्यावर पाच-सहा माणसं बसली होती, बहुतेक म्हातारी. आक्का चपला काढून कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी उभा राहिलो. माझ्या लेक्चरची सवय मला तिथं उपयोगी पडली नाही. म्हणालो, त्या वर्षी मेंढरं मेली ती किरळीनं नाही. औषध मी केलं होतं, गरम पाण्यात केलं, त्यानं ते जास्त कडक झालं. “माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“व्हतं आसं,” एक म्हातारा समजुतीनं म्हणाला. “माणसाच्या हातनं चूक व्हतीच. त्यात काय, मास्तर.” दुसऱ्यानं मान डोलावली. मला बसायला त्यांनी जागा करून दिली. मी बसणारही होतो.

“चूक न्हवं,” आक्का खालून म्हणाली. “सगळं सांग. मडकं धुतलंस ते सांग. आन् मला काय इचारलंस ते सांग. जसं इचारलंस तसं.”

मी त्यांच्यासमोर ते वाक्य म्हटलं. आक्का, काल दुपारी तुझा डोळा लागला व्हता का गं. पहिल्यांदा हळूच म्हटलं. एका म्हाताऱ्यानं कानामागं हात धरून विचारलं, “काय म्हणला?” म्हणून मला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

आता मला कोणी बस म्हणालं नाही. मघाच्या म्हाताऱ्यानं खाली आक्काकडं पाहिलं आणि तो नजर दुसरीकडं वळवून बसला. त्यानं तिला त्या नावानं हाक मारलेली मी ऐकलेली होती.

आक्का उठली. चपला पायात घातल्या. “गाडी हाय माझी,” ती म्हणाली, कोणाला ते कळलं नाही, आणि फाट्याच्या दिशेनं चालू लागली. यंदाच्या भाऊबीजेला तिनं ये म्हणून निरोप दिला नाही. मी गेलो नाही.